चिंचदऱ्याचा डोंगर आणि जागा न होणारा लॅपटॉप

तांब्यातल्या पाण्यावर वलयं उठत होती आणि तांब्याला कुणीच हात लावलेला नव्हता.

वल्लरी खांबेटे टेबलावर हनुवटी टेकवून ती वलयं बघत होती. दात दातावर दाबून धरले की आवाजही ऐकू यायचा. खोल, एकसुरी, खालच्या खडकातून येणारा. कानाला तो जवळजवळ कळतच नव्हता. तो हाडांना कळत होता.

साल होतं २०४१, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. पाऊस सरला होता, पण चिंचदऱ्याच्या डोंगरावर तीन दिवस धुकं बसलं होतं. भर दुपारी खिडकीबाहेर नुसतं पांढरं. डोंगराच्या माथ्यावरच्या या छोट्या भूगर्भ केंद्रात वल्लरी दिवाळीच्या सुट्टीसाठी तिच्या आजोबांकडे आली होती. डॉ. भास्कर खांबेटे इथे तीस वर्षं डोंगराचं बोलणं ऐकत होते. केंद्रात तिसरा रहिवासी होता टेकू, गुडघ्याएवढा चार पायांचा यंत्रमानव. एरवी तो सामान वाहायचा. काल सकाळपासून मात्र तो डोंगराच्या बाजूच्या भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"टेकू, काय करतोस?" वल्लरीने विचारलं.

"ऐकतो आहे," टेकू म्हणाला. "आवाज चालू आहे."

दार वाजलं. धुक्यातून सुलोचना ढेबे आत आल्या. त्या चिंचदऱ्याच्या सरपंच. वरची वाडी, म्हणजे उतारावरची अकरा घरं, त्यांच्याच भावकीची होती.

"सर, कुत्री वाडीत थांबंनात," त्या म्हणाल्या. "माणसं मला विचारतात, उठायचं का राहायचं. गेल्या साली मी सगळ्यांना उठवलं. चार दिवस शाळेत झोपलो, आणि काहीच झालं नाही. आता नुसतं माझ्या सांगण्यावर कोणी हलणार नाही. तुम्ही सांगा, हा आवाज कसला?"

आजोबांनी टेबलाकडे बोट दाखवलं. त्यांच्यासमोर एक जाडजूड, काळा, तीस वर्षांपूर्वीचा लॅपटॉप उघडा होता. त्याच्या काळ्या पडद्यावर एकच ओळ होती: संगणक प्रणाली सापडली नाही. त्या ओळीखाली एक पांढरी रेघ उघडझाप करत होती, कुणीतरी बोलायला तोंड उघडावं आणि गप्प राहावं तशी.

"डोंगरात सहा ठिकाणी खोल भोकं पाडून मी कलमापक बसवलेत," आजोबा म्हणाले. (कलमापक म्हणजे उतार केसभर जरी कलला तरी ते सांगणारं यंत्र.) "ते जुने आहेत. त्यांची भाषा फक्त या लॅपटॉपमधल्या प्रोग्रॅमला कळते. परवा वीज कडाडली तेव्हा हा बंद पडला आणि त्यानंतर उठतच नाही. पूर्वी हा डोंगर असा घुमला होता का, तेव्हा पुढे काय झालं, ते सगळं यात आहे."

"दुसरीकडे उतरवून ठेवलं नाही?" वल्लरीने विचारलं.

"नाही. ती माझीच चूक," आजोबा म्हणाले.

त्यांनी खणातून एक चपटी डबी काढली. तिच्यात लॅपटॉपच्या मूळ इन्स्टॉलेशन डिस्क होत्या. (प्रणाली पहिल्यांदा लॅपटॉपमध्ये घालण्यासाठी आलेल्या चकत्या.) वल्लरीने एक उजेडात धरली. चकचकीत थराला आतून कशाने तरी खाल्लं होतं. वाळवी लागलेल्या पानासारख्या शिरा उमटल्या होत्या आणि शिरांमधून पलीकडचं पांढरं धुकं दिसत होतं.

"मग संपलंच की," सुलोचनाकाकू हळू आवाजात म्हणाल्या.

मोबाइलचा मनोरा दोन दिवस बंद होता. बाहेरून काही मागवता येणार नव्हतं. वल्लरीने लॅपटॉपला कान लावला. आत काहीतरी फिरत होतं आणि मधूनच टक् वाजत होतं.

"आजोबा, हा मेलेला नाही. आत काहीतरी चालू आहे."

"हार्ड डिस्क फिरते आहे. नोंदी तिच्यावरच आहेत. पण..." आजोबा थांबले. मग त्यांनी खुर्ची वल्लरीकडे वळवली. "लॅपटॉप सुरू होतो म्हणजे काय होतं, सांगू? बंद केला की त्याच्या मेमरीतलं (काम करताना लागणाऱ्या तात्पुरत्या जागेतलं) सगळं पुसलं जातं. त्यामुळे दर वेळी तो कोराच जागा होतो. समज, एक नवखा माणूस रोज सकाळी या गावात उतरतो. त्याला काहीच आठवत नाही. एकच सवय त्याला जन्मापासून आहे, वेशीवर जाऊन तिथली पाटी वाचायची. ती सवय एका लहानशा चिपमध्ये कायमची कोरलेली असते. तिला फर्मवेअर म्हणतात."

"आणि पाटीवर काय असतं?"

"सरपंचांचं घर कुठे ते. आपल्या डिस्कवरची अगदी पहिली जागा म्हणजे ती पाटी. पाचशे बारा अक्षरं मावतील एवढीच जागा असते ती. तिच्यात एक चिमुकला प्रोग्रॅम असतो, बूटलोडर (प्रणालीला शोधून उठवणारा). तो प्रणालीपर्यंत नेतो आणि मग प्रणाली सगळा कारभार हातात घेते. वीज गेली त्या क्षणी बहुतेक ती पहिली जागाच बिघडली."

वल्लरी विचार करत राहिली. "म्हणजे गाव आहे तसंच आहे. घरं आहेत, माणसं आहेत. फक्त पाटी पुसली गेली, म्हणून तो नवखा माणूस वेशीवरच उभा आहे."

"बरोबर."

"मग ज्याला पाटी लागतच नाही असा माणूस दुसऱ्या वाटेने गावात आला तर?"

आजोबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. वल्लरी उठली आणि दप्तरातून तिने कंपासपेटी आणली. पेटीत एक निळा पेन ड्राइव्ह होता. तिच्या साताऱ्याच्या शाळेत संगणक जुने होते, याच लॅपटॉपच्या वयाचे. त्यांच्यात डिस्कच नव्हत्या. प्रत्येक मुलाला एक पेन ड्राइव्ह दिलेला होता. तो लावला की कुठल्याही संगणकावर तिची चित्रं, तिचे धडे उघडायचे. असं का होतं हे तिने आजवर कधी विचारलं नव्हतं.

"यात पूर्ण प्रणाली आहे," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "स्वतःची पाटी, स्वतःचा सरपंच. ही डिस्कला हात न लावता नुसती मेमरीत चालेल. वल्लरी, फर्मवेअरला आपण एवढंच सांगायचं, आज वेशीवर जाऊ नकोस, आधी इकडे बघ."

त्यांनी पेन ड्राइव्ह लावला, लॅपटॉप बंद करून चालू केला आणि वरच्या रांगेतली एक कळ टकटक दाबत राहिले. पडद्यावर निळी चौकट आली. तिच्यात सुरुवातीचा क्रम होता: आधी डिस्क, मग चकती, मग पेन ड्राइव्ह. वल्लरीने पेन ड्राइव्ह सगळ्यात वर नेला.

पडदा पुन्हा काळा झाला. डिस्क टक् टक् करत होती. तांब्यातली वलयं आता काठाला लागत होती.

मग शाळेचा ओळखीचा पडदा उघडला आणि त्याच्या कोपऱ्यात एक नवीन फोल्डर दिसलं. वल्लरीने ते उघडलं. आत एकतीस फोल्डर होती, २०११ पासून पुढची.

सुलोचनाकाकू खाली वाकून बघत होत्या. "हे सगळं इथंच होतं?"

"इथेच होतं," आजोबा म्हणाले. "थांब वल्लरी, काही उघडू नकोस. डिस्क म्हातारी आहे, कधीही थांबेल. अशा वेळी पहिला नियम, आधी नक्कल, मग दुरुस्ती. आपण तिच्यातलं फक्त वाचायचं, तिच्यावर काही लिहायचं नाही."

नोंदी पेन ड्राइव्हवर उतरल्या आणि तिथून टेकूच्या मेमरीत. त्याला बारा मिनिटं लागली. टेकू मान वळवून भिंतीकडेच बघत होता.

मग आजोबांनी नकलेतला एकेक ऑक्टोबर चाळला. २०२६ च्या फोल्डरमध्ये आकड्यांच्या बरोबर एक ध्वनिफीत होती. आजोबांचा हात थबकला. "देवदत्तची आहे. देवदत्त मोघे, माझा सहकारी. त्याला लिहायचा कंटाळा. तो नोंदी बोलून ठेवायचा. त्या ऑक्टोबरात मी इथे नव्हतो, ही मी कधी ऐकलीच नाही." देवदत्त मोघ्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती.

त्यांनी ती लावली. खरखर झाली. मग एका माणसाचा शांत आवाज खोलीत आला.

"आज सोळा ऑक्टोबर. डोंगर तीन दिवस घुमत होता. भेगांमधून पाणी वाहतं, त्याची ही शीळ. भास्कर, आपण या आवाजाला घाबरत होतो. पण पाणी वाहतंय म्हणजे डोंगर मोकळा होतोय. आज सकाळी आवाज थांबला. भेगा गाळाने बुजल्या असाव्यात. पाणी आत कोंडलं, दाब वाढला आणि पाच तासांनी पश्चिमेचा कडा खाली गेला. तिकडे वस्ती नव्हती म्हणून बरं. लक्षात ठेव, घुमणं धोक्याचं नाही. थांबणं धोक्याचं."

खरखर संपली. खोली फार शांत झाली.

वल्लरीने तांब्याकडे पाहिलं. पाणी काचेसारखं स्थिर होतं.

"आवाज थांबला आहे," टेकू म्हणाला. "चार मिनिटं झाली."

सुलोचनाकाकूंनी डोक्यावर पदर घेतला. "खाली सगळे म्हणत असतील, सुटलो एकदाचे." त्यांनी ध्वनिफीत टेकूला परत लावायला सांगितली आणि स्वतःच्या मोबाइलमध्ये भरून घेतली. "मोघेसरांचा आवाज गावात म्हातारी माणसं ओळखतात. त्यांचं ऐकतील. चल रे टेकू."

"सुलोचनाबाई, टेकूजवळची वॉकीटॉकी चालू ठेवा," आजोबांनी मागून सांगितलं. "कुठल्या बाजूने जायचं ते कळवतो."

दार लागलं. धुक्याने दोघांना गिळून टाकलं.

"आता दुरुस्ती," आजोबा म्हणाले. "कोणता उतार हलतोय हे कलमापकांना विचारायचं तर लॅपटॉप स्वतःच्या प्रणालीवर उठायला हवा. प्रणाली शाबूत आहे. पाटी तेवढी नव्याने लिहायची."

वल्लरीच्या पेन ड्राइव्हमध्ये दुरुस्तीची साधनं होती. त्यातलं एक डिस्क तपासून प्रणाली कुठे आहे ते शोधायचं आणि पहिल्या जागी नवा बूटलोडर लिहायचं. पडद्यावर प्रश्न आला: लिहू का? वल्लरीने आजोबांकडे पाहिलं.

"चुकलं तर?"

"नक्कल आपल्याकडे आहे. म्हणून तर ती आधी केली."

तिने कळ दाबली. दोन सेकंदांचं काम होतं. पेन ड्राइव्ह काढून तिने लॅपटॉप पुन्हा चालू केला. पांढरी रेघ आली, एकदा मिटली, दोनदा मिटली. मग पडदा उजळला आणि सहा कलमापकांचे सहा आकडे हिरव्या रंगात उमटले. पाच स्थिर होते. चौथा हळूहळू वाढत होता. वल्लरी बघत असतानाच त्याचा शेवटचा अंक दोनदा बदलला.

"चौथा कुठे आहे?"

आजोबांनी नकाशावर बोट ठेवलं. उत्तरेचा उतार. वाडीतून शाळेकडे जाणारा डांबरी रस्ता बरोबर त्याच्याखालून जात होता.

वल्लरीने वॉकीटॉकी उचलली. "काकू, रस्त्याने नका जाऊ. उत्तरेचा उतार हलतोय. दक्षिणेच्या पायवाटेने देवराईकडे जा. सगळ्यांना तिकडूनच न्या."

थोडा वेळ नुसती खरखर. मग काकूंचा दम लागलेला आवाज आला. "पहिली माणसं रस्त्याला लागली होती. वळवते."

पुढचे तीन तास वल्लरी आकडे वाचत राहिली आणि आजोबा ते वहीत लिहीत राहिले. साडेपाचला काकूंनी कळवलं, त्रेपन्न माणसं आणि सगळी गुरं देवराईत पोचली. एक आजी येत नव्हती. टेकूच्या पाठीवर बसवून तिला आणलं.

दिवेलागणीला धुक्यात एक लांबलचक उसासा ऐकू आला. मग झाडं मोडल्याचे आवाज, बराच वेळ. चौथ्या कलमापकाचा आकडा नाहीसा झाला. सकाळी धुकं उठलं तेव्हा डांबरी रस्ता आणि वाडीतली सात घरं दिसत नव्हती. माणूस एकही कमी नव्हता.

मनोरा सुरू झाल्यावर आजोबांनी पहिलं काम केलं ते नोंदींच्या आणखी दोन नकला पाठवण्याचं, एक पुण्याला आणि एक साताऱ्याच्या शाळेला. जिल्ह्यातून माणसं आली, त्यांनी वाडीसाठी खालच्या पठारावर जागा आखली.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी सुलोचनाकाकू गावातल्या नऊ मुलांना घेऊन केंद्रात आल्या. शेजारच्या खोऱ्यात आणखी पाच डोंगर होते आणि त्यांच्यावर नवे कलमापक बसणार होते. आकडे रोज वाचायला माणसं हवी होती.

"आकडे बघू," काकू म्हणाल्या, "पण आधी या मुलांना तू ते यंत्र कसं उठवलंस ते सांग. सगळं, पहिल्यापासून."

मुलं जमिनीवर बसली. वल्लरीने लॅपटॉप बंद केला आणि त्यांच्याकडे वळवून ठेवला.

"हा आत्ता कोरा आहे," ती म्हणाली. "मी बटण दाबलं की तो सगळ्यात आधी काय करत असेल?"

पुढे बसलेल्या एका मुलीने हात वर केला.