वादातल्या समुद्रातलं तेल

विजयाकाकू पांढरीपांडे जिना चढून वर आल्या, खुर्चीत टेकल्या, आणि पाण्याच्या पेल्याला हातही न लावता त्यांनी पिशवीतून एक रुमाल काढून टेबलावर ठेवला. पांढरा, पुरुषी, नीट घडी घातलेला. मधोमध काळपट डाग.

“वास घे, मंदा.”

मंदाकिनी देवपुजारींनी रुमाल नाकाशी नेला. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात या बाईचा जन्म गेला होता. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून गोल बाजारात भांड्यांच्या दुकानावर ही खोली घेऊन त्यांनी खाजगी तपासाची पाटी लावली. सोबतीला धाकटे दीर सुशील, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त. त्यांची मदत म्हणजे स्कूटर चालवणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं. दोन्ही कामं ते मनापासून करत.

“रॉकेल,” सुशील लगेच म्हणाले.

“कच्चं तेल आहे ते, भाऊ. समुद्राखालून निघते ते,” विजयाकाकू म्हणाल्या. “यांच्या सदऱ्याचा वास आहे हा. हे तेलाच्या जहाजावर होते ना, तेव्हा सुटीवर आले की कपडे मी धुवायची. कितीही पाणी काढा, वास काही जायचा नाही. मग यांची बदली झाली आन् वास गेला. परवा हा रुमाल धुवायले घेतला, तर मी मोरीतच रडत बसली.”

“मग तक्रार काय आहे, काकू?”

“हे हो म्हणाले, मंदा. जन्मात कोणाले हो न म्हणणारा माणूस.”

हकीकत अशी होती. संघर्ष नावाचा एक तरुण नवा रायपुरात काचेचं ऑफिस थाटून बसला होता. दूरच्या एका समुद्रात तेल शोधणाऱ्या कंपनीचे भाग विकत होता. त्या समुद्रावर दोन देशांचा हक्क, दोघांचं भांडण. भांडण चालू आहे म्हणून कागद दाखवता येत नाहीत, जागा पाहता येत नाही, आणि म्हणूनच भाव कमी. भांडण मिटलं की सोनंच सोनं!

काकूंच्या यजमानांनी, यशवंतरावांनी, आजवर असल्या लोकांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं. पण मागच्या आठवड्यात त्यांच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या वाचनालयात संघर्षने त्या समुद्रातला नमुना म्हणून एक बाटली पुढे केली. यशवंतरावांनी रुमालावर थेंब घेतला, वास घेतला, डोळे पुसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “खरं आहे.”

“उद्या सकाळी आमच्याच बैठकीत सह्या आहेत,” काकू म्हणाल्या. “आमची पेन्शनीची पुंजी जाईन ते जाईन. पण यांच्या एका शब्दावर सारा ब्राह्मणपारा पैसे टाकून राहिला. बुडालं तर हे देवळापर्यंतही मान वर करून चालू शकणार नाहीत. मले तर भेव आहे, तेवढ्यानंच जातील.”

“तेल नकली असेल!” सुशीलनी मांडीवर थाप मारली.

काकूंनी संघर्षने दिलेला प्रयोगशाळेचा दाखला पुढे केला. मंदाकिनीबाईंनी तिथल्या तिथे फोन लावून खात्री केली. दाखला खरा होता. तेलही खरं होतं.

“हीच तर गोम आहे, भाऊजी,” फोन ठेवत त्या म्हणाल्या. “रायपूर कुठे, समुद्र कुठे! समुद्रातलं खरं तेल इथे आलं कसं? काकू, काकांकडे त्या दिवसांतलं काही आहे का अजून?”

“आहे ना, एक बाटली. पहिलं तेल लागलं तेव्हाची. पोटच्या पोरासारखी जपतात. खांडेनवमीले आमच्याकडे विळी, कातरी, शिवणयंत्र पुजतात, त्यात ती पण असते. ज्ञानदा दरवर्षी झाकणावर हळदकुंकू लावते. पुसायचं नाही, असा यांचा हुकूम. पुटं चढली आहेत नुसती.”

त्याच सकाळी मंदाकिनीबाई आणि सुशील ब्राह्मणपाऱ्यात काकूंच्या घरी पोचले. थंडी अशी की दारात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवलेली होती.

यशवंतराव ऐंशीकडे झुकलेले, ताठ. समुद्राचं नाव काढताच म्हातारा खुलला.

“सव्वीस वर्षांचा होतो मी. आमच्या सात पिढ्यांत कोणी समुद्र पाहिला नव्हता! ज्या दिवशी तेल लागलं ना, त्या दिवशी आम्ही एकमेकांच्या तोंडाले फासलं, होळीसारखं. साहेब, स्वयंपाकी, सगळे काळे! मग साहेबांनी प्रत्येकाले औषधाची एकेक बाटली भरून दिली. मी लाख लावून बंद केली ते आजवर उघडली नाही. उघडली की वास उडून जाईन. काय दिवस होते ते! त्यातले कोणी राहिले नाहीत आता. मी एकटाच उरलो.”

मंदाकिनीबाईंनी खुर्ची जवळ ओढली.

“संघर्षच्या तेलात काय पाहिलं तुम्ही, काका?”

“तोच वास! आन् थंडीनं तसंच थिजलेलं, साजूक तुपासारखं. त्या पोट्ट्यानं बाटली गरम पाण्यात धरली तेव्हा कुठे थेंब निघाला. आमचंही असंच थिजायचं.”

“सगळंच तेल थिजतं?”

“छे छे! जागेजागेचं तेल वेगळं. कुठलं तर ऐन माघातही पाण्यासारखं वाहते. हे मात्र हुबेहूब आमच्यासारखं. मन भरून आलं माझं.”

ज्ञानदा, त्यांची मुलगी, चहा आणि पोळ्या घेऊन आली. कॉलेजात शिकवायची, बोलण्यात फटकळ. सुशीलनी ताटलीकडे पाहून विचारलं, “काकवी नाही का? कवर्ध्याच्या उसाची येते ना तुमच्याकडे?”

“होती, काका. संक्रांतीपर्यंत पुरली असती. दिवाळीनंतर बरणी पाहिली तर तळ दिसून राहिला. या घरात कोण चोरून खाते, देव जाणे.” तिने भावाकडे पाहिलं.

“मी नाही खात गोड,” भार्गव म्हणाला. हैदराबादची नोकरी सुटली म्हणून तो दिवाळीत कायमचा परतला होता. त्याआधीची सहा वर्षं नुसता दिवाळीपुरता यायचा. आता संघर्षच्या ऑफिसात बसायचा. “आणि दीदी, तुझं तोंड काहून असं आहे सकाळपासून? बाबांनी स्वतः पाहिलं ना तेल?”

“मले तो माणूस आवडत नाही. उद्याच्या सह्या मोडता आल्या तर मी मोडीन.”

सुशीलनी वहिनींना डोळ्यांनी खूण केली. ही पोट्टी लक्षात ठेवा.

मंदाकिनीबाई शोकेसपाशी गेल्या होत्या. वरच्या फळीवर, एका जहाजाच्या फोटोमागे, ती बाटली होती. शाई उडालेली चिठ्ठी, त्यावर ‘पहिलं तेल’. तोंडावर लाख, तांबडी आणि चकचकीत. फळीवर मुंग्यांची रांग लागली होती.

“खडू ओढून थकले मी,” ज्ञानदा म्हणाली. “कुठून येतात, कळत नाही.”

बाईंनी काच सरकवून बाटली हातात घेतली आणि हळूच आडवी केली. आतला काळा रस सावकाश गळ्याकडे सरकला. त्यांनी ती जशीच्या तशी परत ठेवली आणि चहा न संपवता उठल्या.

नवा रायपूरच्या रुंद, ओस रस्त्यांवरून सुशीलची स्कूटर धापा टाकत गेली. संघर्षच्या ऑफिसात भिंतभर नकाशा होता, त्यात समुद्राच्या एका तुकड्यावर लाल रेघोट्या. पोरगा मराठी समजायचा, पण उत्तर हिंदीत द्यायचा.

“नमुना रायपुरातच कुठे विकत घेतला असेल, असं कोणी म्हटलं तर?” मंदाकिनीबाईंनी विचारलं.

तो हसला. “मैडम, पूरे छत्तीसगढ़ में ढूँढ लीजिए. कच्चा तेल कोई किराने की दुकान में मिलता है क्या? यही तो सबूत है.”

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “उद्या बाटली घेऊन या. लोकांना पुन्हा पाहायची असेल.”

परत येताना सुशीलनी निकाल देऊन टाकला. “ज्ञानदाच. बापाच्या मागे काहीतरी करून राहिली ती.”

“तुम्ही काकवी मागितली, ते मात्र छान केलंत, भाऊजी.”

सुशीलना यात स्तुती कसली ते कळलं नाही, पण त्यांनी ती ठेवून घेतली.

दुसऱ्या सकाळी बैठक भरली होती. शेजारची म्हातारी मंडळी सतरंजीवर, पेनं खिशाला. संघर्षने आपली देखणी बाटली टेबलावर ठेवली. थंडीने तेल आत थिजून बसलं होतं.

“सह्यांआधी एक काम आहे,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. त्यांनी शोकेसमधली बाटली काढून यशवंतरावांच्या हातात दिली. “काका, ही उघडा.”

सतरंजीवरची मंडळी पुढे सरकली.

“काहून?” यशवंतरावांनी बाटली छातीशी धरली. “मंदा, तुले माहीत आहे...”

“माहीत आहे. तुम्ही आजवर उघडली नाही. म्हणूनच सांगते आहे, उघडा.”

त्यांनी बायकोकडे पाहिलं. विजयाकाकूंनी मान हलवली. यशवंतरावांनी लाख फोडली, बूच ओढलं आणि वास घेतला. पुन्हा घेतला. चेहऱ्यावरचा रंगच गेला.

सुशील पुढे झाले, बुचाला बोट लावलं आणि सवयीने ते तोंडात घातलं. “अहो, ही तर काकवी!”

“काकवीच,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “म्हणून मुंग्या. म्हणून बरणी रिकामी. काका, तुम्हीच मला सांगितलंत की तुमचं तेल थंडीत थिजतं. काल खोबरेलसुद्धा उन्हात ठेवावं लागलं होतं, आणि तुमच्या बाटलीतलं तेल मात्र हलत होतं. मग थिजणारं तेल कुठे गेलं? ते हे समोर बसलं आहे, या देखण्या बाटलीत.”

“झूठ है!” संघर्ष उभा राहिला.

“तुम्हीच म्हणालात, पूर्ण छत्तीसगडात असं तेल मिळत नाही. मला तर एका शोकेसमध्ये सापडलं. जागेजागेचं तेल वेगळं असतं, हेही काकाच म्हणाले. मग दूरच्या समुद्रातल्या तेलाला हुबेहूब काकांच्या जहाजाचा वास कसा? काकू तर रुमालावरूनच बोलल्या होत्या, यांच्या सदऱ्याचा वास. त्यांनी कालच सगळं सांगून टाकलं होतं. आपल्यालाच ऐकू आलं नाही.”

“पण चोरलं कोणी?” कोणीतरी विचारलं. सुशीलची नजर ज्ञानदाकडे गेली.

“तिच्याकडे पाहू नका, भाऊजी. चोराने नवी लाख लावली. गोल बाजारात बांगड्यांची लाख कोणालाही मिळते. पण जुन्या लाखेवर हळदकुंकवाची पुटं होती, आणि नवी अगदी कोरी आहे. ज्ञानदा दर खांडेनवमीला स्वतःच्या बोटाने लावते, ती विसरलीच नसती. आणि मुंग्यांच्या घरात ती काकवी भरेल होय? हे काम घरातल्याच माणसाचं आहे. बाटली कुठे ते त्याला ठाऊक, बरणी कुठे ते ठाऊक. फक्त सहा वर्षांत एकही खांडेनवमी त्याने घरी पाहिलेली नाही.”

भार्गवने भिंतीला पाठ टेकली होती, तो तसाच खाली बसला.

“मी स्वतःचे पैसे टाकले होते, बाबा,” तो म्हणाला. “नोकरीचे उरलेले सगळे. कंपनी खरी आहे, नमुना यायला वेळ लागून राहिला, असं म्हणायचा हा. तुझे बाबा हो म्हणाले की सगळा पारा येईल, म्हणे. तुम्ही कशानं हो म्हणाल, ते मलेच माहीत होतं.”

ज्ञानदाने तोंडावर पदर घेतला. संघर्ष पायरीकडे सरकला, पण दारात सुशील उभे होते. आजवर चुकीच्या माणसांवर वाया गेलेला सगळा संशय त्यांनी तिथे लावला. ठाण्यावर फोन आधीच झाला होता.

यशवंतराव उठले. सतरंजीवरच्या मंडळींपुढे हात जोडले. “मी चुकलो. माझ्या तरुणपणाचा वास आला आन् मी भुललो. कोणी सही करू नका.”

“अरे यशवंता, बस बरं तू,” सगळ्यात म्हातारे शेजारी म्हणाले. “तू सांगितलंस ना वेळेवर? झालं तर मग.” आणि पेनं खिशात ठेवत एकेक जण त्यांच्या खांद्याला हात लावून गेला.

पोलीस संघर्षला घेऊन गेले. भार्गवची जबानी दुपारी होती. ठाणेदाराने ती देखणी बाटली पंचनाम्यासाठी मागितली, तेव्हा मंदाकिनीबाईंनी त्याच्याशी काहीतरी हळू आवाजात बोलून थोडं तेल मागून घेतलं. विजयाकाकूंनी जुनी बाटली गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवली होती.

“भर,” यशवंतराव मुलाला म्हणाले.

“बाबा, मी कसा...”

“तूच काढलं होतंस ना? भर.”

भार्गवने भरलं. बूच लावण्याआधी यशवंतरावांनी बाटली बायकोच्या नाकाशी धरली. काकूंनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग बूच बसलं, लाख वितळली. ज्ञानदाने सवयीने हळदकुंकवाची कोयरी आणली.

“राहू दे ते,” यशवंतराव म्हणाले. “झाकण कोरंच राहू दे.”

ते भार्गवकडे वळले. राग होता, पण आवाजात नव्हता.

“दुपारी मी येतो तुझ्यासोबत ठाण्यात. जे असेल ते सगळं सांगायचं. आन् येत्या वर्षी हळदकुंकू तू लावायचं. खांडेनवमीले घरी असशील ना रे?”

बाटली दोन्ही हातांत तशीच धरून भार्गव मान डोलावत म्हणाला, “हव.”