मारुतराव ओरडले की…

ही रात्रीची गोष्ट नाही. यात पिंपळ नाही, अमावस्या नाही, पांढरी साडी नाही. डोंबिवलीत, मानपाडा रोडला, भर दुपारी घडलेली आहे. खोटं वाटत असेल तर त्या बिल्डिंगमध्ये जाऊन विचारा. अख्खी पंगत साक्षीला आहे.

मारुतराव दुसऱ्या मजल्यावर राहतात. कोलशेतच्या कारखान्यात सुपरवायझर होते. कामगारांवर ओरडून ओरडून गळा असा तयार झालेला, की त्यांनी गच्चीवरून हाक मारली तर शीळफाट्याला ट्रकवाले ब्रेक मारायचे.

एवढ्यापुरता थोडा मीठमसाला आहे. पुढच्यात नाही.

गेल्या वर्षी त्यांची बायको मालन गेली. मग मुलगा सुदेश, सून मैथिली आणि नात सान्वी त्यांच्याकडे राहायला आली. सुदेशने येताना ब्लूटूथ स्पीकर आणला. "बाबा, फोनवरची भजनं यावर ऐका."

स्पीकर शोकेसमध्ये बसला. पूर्वी जिथे टीव्ही होता तिथे. मालनच्या फोटोसमोर.

पहिल्यांदा घडलं ते दुधावरून. दूध उतू गेलं आणि मारुतरावांनी मैथिलीला फैलावर घेतलं. "लक्ष कुठे असतं गं तुझं? आईने हेच शिकवून पाठवलं का?"

आणि…

स्पीकरचा आवाज चढला.

कुणी हात लावला नव्हता. फोन चार्जिंगला. स्क्रीनवरची पट्टी आपली आपण वर सरकत गेली, पार टोकापर्यंत. भजनाच्या टाळांनी भांडी थरथरली.

"काही नाही बाबा, सेटिंगचं लफडं आहे," सुदेश म्हणाला. "फोनचा आणि स्पीकरचा आवाज एकमेकांना बांधलेले असतात. एक हलला की दुसरा हलतो. सोडवून देतो."

सोडवला. दुसऱ्या दिवशी चहात साखर कमी पडली, आणि स्पीकर पुन्हा छपराला.

मारुतराव तणतणत स्टेशनजवळ विनीतच्या मोबाइल दुकानात गेले. विनीतने फोनमधून स्पीकरचं नावच काढून टाकलं, दोन्ही बंद करून चालू केले, नव्याने जोडले. दुकानात स्पीकर गोगलगाय.

"काका, पीस एकदम ओके आहे. घरात काय करता याला?"

"मी काय करणार? तुम्हीच लोक फसवता."

घरी आणला. दारातल्या चपलांवरून मारुतरावांनी तोंड उघडलं, आणि…

टाळ, मृदंग, सगळं.

मैथिली शांतपणे म्हणाली, "बाबा, तो बिघडलेला नाही. तुम्ही ओरडलात की तो चढतो."

"मी कुठे ओरडतो?" मारुतराव ओरडले.

स्पीकर चढला.

सान्वी खुदकन हसली. मारुतराव मात्र पांढरे पडले.

कारण हे त्यांनी पाहिलेलं होतं. अख्खा संसारभर.

ते मालनवर ओरडायला लागले की ती उलट बोलायची नाही. पदराला हात पुसायची, रिमोट उचलायची आणि टीव्हीचा आवाज वाढवायची. भिंती पातळ. नवऱ्याचे शब्द गॅलरीत जाऊ नयेत एवढंच तिचं म्हणणं.

शेजारच्या आवडाबाई दार ठोकायच्या. "मालनवहिनी, मालिका तुम्ही बघता आणि डोकं आमचं उठतं."

तेव्हा मारुतराव स्वतः दारात जायचे. हसून सांगायचे, "काय करणार, हिला कमी ऐकू येतं."

इतकं सांगितलं, की शेवटी ते खरं दिसावं म्हणून ठाण्याहून कानाचं मशीन आणलं आणि तिला घालायला लावलं. चांगल्या धडधाकट कानात. आवडाबाई मग तिच्यासमोरच बोलायच्या, "बहिरी आहे, तिला काय कळतंय." तिचा हात कानाशी गेला की मशीन बारीक शिट्टी मारायचं. आणि त्या मशीनमधून नवऱ्याचं ओरडणं तिला आणखी मोठं ऐकू यायचं.

मरेपर्यंत ते तिने काढलं नाही.

काही दिवस मारुतराव गप्प राहिले. फोटोकडे बघवेना. मग हळूहळू भीती ओसरली आणि डोक्यात भलतंच शिरलं. गेली तरी अब्रू सांभाळतेय आपली. मग घाबरायचं कशाला?

त्यांनी दुरुस्ती थांबवली. स्पीकर दिवसभर चालू ठेवायला लागले, आणि बिनधास्त ओरडायला लागले.

सुदेशने एकदा दार लावून घेतलं. "बाबा, शेवटचं सांगतो. आता मैथिलीवर एकदा जरी ओरडलात, तर आम्ही चाललो. कोलशेतला जागा बघून ठेवलीये. सान्वीला घेऊन जाऊ."

हे मात्र मारुतरावांना नको होतं. संध्याकाळी सान्वी त्यांच्या बशीत टोस्ट बुडवायची, निम्मा पाडायची, आणि त्यावर ते कधी ओरडले नव्हते. ती गेली तर त्या घरात ते आणि तो फोटो.

त्यांनी मनाशी ठरवलं. सुदेशला ऐकू जायला नको, बस. स्पीकर आहेच.

मालनचं वर्षश्राद्ध आलं. हॉलमध्ये पंगत बसली. शेजारपाजार, नातेवाईक. स्पीकरवर हळू सनई. मारुतराव स्वयंपाकघरात डोकावले तर ताटात अळूवड्या. कोपऱ्यात दुकानाचं खोकं.

त्यांनी दार लोटून घेतलं.

"विकतच्या वड्या? श्राद्धाला?"

"बाबा, हळू. बाहेर लोक आहेत. वेळ पुरला नाही मला."

मारुतरावांनी एक क्षण कान दिला. आपण ओरडलो की सनई चढेलच, हा भरवसा. मग पूर्ण गळा सोडला.

"ओरडतो मी, काय करशील? मालनवर जन्मभर ओरडलो. कुणाला कळलं? चांगले कान असताना मशीन घालून फिरवली तिला, लोक तिलाच बहिरी म्हणाले. ब्र काढला नाही तिने. तू कोण लागून गेलीस?"

आणि…

सनई थांबली.

पंख्याची घरघर थांबली. खालच्या घरातला मिक्सर थांबला. रस्त्यावरचे हॉर्न थांबले. गॅसवरच्या कुकरची शिट्टी निम्म्यावर राहिली, वाफ मात्र येत होती… आवाजाशिवाय.

एकच आवाज उरला. त्यांचा. आणि तो स्वयंपाकघरातून येत नव्हता.

हॉलमधून येत होता. स्पीकरमधून. फोटोसमोरून. शब्दन् शब्द, पट्टी टोकाला लावून.

मारुतरावांनी दार उघडलं. पंगतीत सगळ्यांचे हात पानावर थांबलेले. कुणी वर बघेना.

आवडाबाई तेवढ्या फोटोकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "म्हणजे वहिनींना सगळं ऐकू येत होतं. मी बोललेलंसुद्धा."

मग पंखा पुन्हा वाजायला लागला.

सुदेशने कपाट उघडलं. बॅगा भरल्या. ऊन उतरायच्या आत तिघं रिक्षात बसली. सान्वीने हात हलवला नाही.

मारुतरावांनी तो स्पीकर खाडीत फेकला. फोनमधून नाव काढलं. आता ते हळू बोलतात, इतकं हळू, की फोनवर सान्वी म्हणते, "आजोबा, मोठ्याने बोला ना." ते मोठ्याने बोलत नाहीत.

पण राग माणसाचा आहे, तो कुठे जाणार? वाण्यावर येतो, पेपरवाल्यावर येतो, सुदेशवर तर रोज येतो. तोंडातून शब्द निघत नाही. नुसता आतल्या आत चढतो. आणि तो चढला की…

शोकेसच्या खणात ठेवलेलं मालनचं मशीन शिट्टी मारतं.

त्यातला सेल त्यांनी केव्हाच काढलेला आहे.

आवडाबाईंना ती शिट्टी भिंतीपलीकडे ऐकू येते. त्यांनी आपला टीव्ही मोठा करून बघितला. पार टोकापर्यंत.

शिट्टी दबत नाही.