भिंतीला एक हात

त्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती. पण हस्त लागलेला, त्यामुळे भरवसा नव्हता. ऊन पडलं होतं तेही मळक्या फडक्यातून गाळून यावं तसं. सावित्री नदीवरचं धुकं दुपार झाली तरी हललं नाही. दासगावच्या घराचं कुलूप काढलं तेव्हा दाराची कडी हाताला ओली लागली, घाम आल्यासारखी.

आमचं गाव कुडपण, वर डोंगरात. दरड आली की खाली यायची वाट बंद. म्हणून मुंबईला असणाऱ्या माझ्या किशोरने दासगावात हे जुनं घर घेतलं होतं. माझी धाकटी सारिका पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. बाळंतपणाला माहेरी यायची, तर दवाखाना जवळ हवा. मधली खोली तिच्यासाठी धरली. आणि जिथे तिची खाट टाकायची, नेमका त्याच भिंतीवर डाग होता. मोठा, गोल, काळपट.

"आप्पा, टचअप नका करू, पॅच दिसतो. अख्खी भिंत मारून घ्या," किशोर फोनवर म्हणाला.

रंगारी हैबती आमच्याच वरच्या वाडीचा. त्याने डागावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"किशोर बरोबर बोलतोय. सगळी खरवडायला लागंल."

"अरे, पोटुशी पोर यायची. एवढ्या रंगाचा वास तिला सोसंल का? डाग तेवढा झाक."

"आप्पा, ही ओल नाय, तेल हाय. बाई रोज डोकं टेकून बसली की भिंतीला असा डाग पडतो. वरनं कितीबी झाका, तेल पुन्ना वर येतं."

"घर तर किती वर्षं बंद हाय रे."

"तेच म्हणतो मी." मग उगाच हसला. "माझ्या बायकोच्या आख्ख्या डोक्याला नाय एवढं तेल."

मी ऐकलं नाही. एकच हात मार म्हटलं. त्याने डागापुरता रंगाचा हात मारला, आणि डाग गेला. नवा रंग जुन्यापेक्षा उजळ दिसत होता, ठिगळ लावल्यासारखा. पण मला तेवढं चालणार होतं. हैबती ब्रश धुवायला मागच्या पडवीत गेला.

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. खोलीत रंगाचा वास असायला हवा होता. हळूहळू दुसराच वास यायला लागला. ओव्याचा. बाळंतिणीला धुरी देतात ना, ओवा निखाऱ्यावर टाकून, तो. गोड, घशाला धरणारा. चूल तर घरात पेटलेली नव्हती.

आणि डाग वर आला. ओल्या रंगातून, हळूहळू, खालून कोणी दाबावं तसा.

पाठीमागे पावलं वाजली. मला वाटलं हैबतीच आला. मान न वळवता मी म्हटलं, "बाबा, अजून एक हात दे रे इथं."

माझा हात खाली लोंबत होता. त्या पंज्यात एक हात आला.

बारीक, ऊन ऊन, तेलाने निसरडा. काचेच्या बांगड्या माझ्या मनगटाला लागल्या. मी सोडवायला गेलो तर बोटं आवळली. हाडापर्यंत आवळली. कानाशी कोणी अगदी हळू, मायेने बोलावं तसं बोललं...

"देते की हात... बाळंतपणाला मी हाय... पोरीला आणा."

"नाय..." माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"आणा म्हटलं ना." आता माया नव्हती. "लई दिस मांडी रिकामी हाय..."

"आप्पा, मला हाक मारलीत काय?" हैबतीचा आवाज मागच्या पडवीतून आला. लांबून.

हात सुटला. हैबती आत आला तेव्हा मी भुईवर बसलो होतो. त्याने माझा तळवा पाहिला, तेलाने माखलेला. मग त्याची नजर भिंतीवर गेली. मोठ्या डागाच्या खाली, बसलेल्या बाईच्या मांडीच्या उंचीवर, एक दुसरा डाग उमटत होता. लहानसा, नारळाएवढा गोल.

"आता खरवडायचं नाय, आप्पा," तो कुजबुजला. "चला. मागं बघू नका."

मी कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली. किशोरला कळवलं, सारिकाला इथे आणायचं नाही.

"आप्पा, काय येड्यासारखं बोलता! या पावसात तिला वर नेणार? रस्ता खचला तर?"

"खचू दे. त्या खोलीत माझी पोर निजणार नाय." जन्मात त्याच्यावर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला.

सारिका महाडच्या दवाखान्यात मोकळी झाली. मुलगा झाला. तिथून परस्पर वर कुडपणला नेली. रस्त्यात दोन ठिकाणी माती आली होती, तरी गाडी निघाली. रखमाने, माझ्या बायकोने, लेकीला स्वतःच्या हाताने तेल लावलं, नातवाला न्हाऊ घातलं. घरात रडण्याचा आवाज आला की मला बरं वाटायचं. म्हटलं, सुटलो.

बारशाचा बाजार करायला मी महाडला उतरलो. चवदार तळ्याजवळ दासगावची शेजारीण आनंदीबाई भेटली. ती महिनाभर लेकीकडे पनवेलला होती, कालच परतलेली, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पोर सुखरूप झाली म्हणून तिने तोंड भरून आशीर्वाद दिला. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली,

"बरे भेटलात, गोमाजीभाऊ. तेल लावायला तुम्ही जी बाई ठेवलीत ना, ती सकाळी तुमच्या घराच्या खिडकीतनं बोलली माझ्याशी. म्हणाली, भिंत सुकली हाय, आता आणा म्हणावं लेकरू."