सोनेरी मोरपंखी

कंपनीची बस पंक्चर झाली ती नेमकी स्नेहलच्या नर्सरीसमोर, शिरूरच्या अलीकडं. रांजणगावहून पहिली पाळी करून निघालेले सगळे चहाच्या टपरीकडं वळले. कवठे येमाईचा इंद्रजीत तेवढा कुंड्यांपाशी येऊन उभा राहिला.

"ही सोनेरी मोरपंखी माझ्याकडं पण हाय, मॅडम. पण हिरवी पडत चाललीय... आन् बुडाकडनं वाळतीय."

"पाणी किती घालता?"

"रोज दोन बादल्या."

"बुडवून मारताय की तिला!" स्नेहलला हसू फुटलं. "आन् ऊन?"

"सावलीत ठेवलीय. ऊन सोसंल का न्हाई म्हणून..."

"उन्हाशिवाय तो रंग टिकत न्हाई. बाहेर काढा. बोटानं माती उकरायची, कोरडी लागंल तवाच पाणी. पानं नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कात्री नेऊ नका, तिथनं परत फुटत न्हाई."

पुढच्या गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, तो मोटारसायकलवर आला. मग दर गुरुवारी. कधी मोबाइलमध्ये फोटो, कधी कागदात गुंडाळलेली वाळकी फांदी. बोलणं झाडाचंच व्हायचं. पण गुरुवारी दुपारी स्नेहलचं अर्धं लक्ष रस्त्याकडं असायचं.

एकदा तिनं विचारलं, "एवढा जीव का हो त्या झाडावर?"

"साखरपुड्यात मुलीकडच्यांनी दिलं होतं. लग्न मोडलं. आई म्हणाली, टाकून दे. पण... झाडानं काय केलंय?"

स्नेहल नुसती झारी फिरवत राहिली. एकाच रोपाला दोनदा पाणी पडलं.

दिवाळी झाली आणि एका गुरुवारी तिनंच सांगून टाकलं, "रविवारी दौंडचे पाहुणे येणारेत. मला बघायला. मुलगा रेल्वेत हाय."

"चांगलंय की..." इंद्रजीतनं हेल्मेट उचललं. परत खाली ठेवलं. "आन् नर्सरी?"

"बंद करा म्हणतात. घरच्या सुनेनं चिखलात हात घालायचे न्हाईत."

"मग न्हाई म्हणा त्यांना."

"का?"

"झाड बरं होऊन दोन महिने झाले, स्नेहल. त्या वाळलेल्या फांद्या... शेजारच्यांच्या झाडाच्या होत्या. मला यायचं होतं. तुमच्यासाठी."

ओले हात ओढणीला पुसून तिनं वडिलांना फोन लावला. "आप्पा, दौंडच्या पाहुण्यांना नको म्हणून कळवा... व्हय, विचार करूनच. घरी आल्यावर सांगते."

फोन ठेवून ती म्हणाली, "नर्सरी चालूच राहणार, इंद्रजीत."

"मी कुठं बंद करा म्हणालो?"

"मग रविवारी आईंना घेऊन घरी या. सकाळीच या. दुपारी गिऱ्हाईक असतं मला."