हिरवी होडी

१९५६ सालच्या उन्हाळी सुट्टीत इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ बंदरातून एक होडी नाहीशी झाली. लढाऊ जहाजांनी गच्च भरलेल्या बंदरात एका वल्ह्याच्या होडीचं काय एवढं, असं पोलिसालासुद्धा वाटलं. पण ती प्रिव्हेटआजोबांची होडी होती, आणि हिरवी होती.

हिरवी असणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नव्हती. गोदीचा भोंगा वाजला की कामगारांच्या सायकलींचा लोंढा बाहेर पडे आणि कुणा ना कुणाच्या कोटाखाली ‘ससा’ असे. गोदीतून गुपचूप आणलेल्या वस्तूला ससा म्हणायचं, आणि आपण तो पाहिलाच नाही असं दाखवायचं. बहुतेक ससे म्हणजे जहाजांच्या राखाडी रंगाचे डबे. त्यामुळे आमची दारं राखाडी, खुराडी राखाडी, होड्याही राखाडी. आजोबांनी मात्र दुकानातून हिरवा रंग विकत आणला होता. नौदलात जन्मभर राखाडी पाहिला, आता पुरे, असं ते म्हणत.

त्यांची मुलगी ऑड्री नव्या वसाहतीत राहायला गेली होती. तिथे गरम पाण्याचा नळ होता, समुद्र नव्हता. होडी आहे तोवर मी इथून हलणार नाही, असं आजोबा तिला वर्षभर सांगत आले होते. होडी गेली आणि नकाराचं कारणही गेलं. शनिवारी त्यांचं सामान न्यायला गाडी येणार, असं ठरून गेलं.

त्यांची नातवंडं बेरिल आणि लेन, आणि शेजारचा नॉरी ट्वाइन, या तिघांना मोठ्या माणसांचा अगदी वीट आला होता. हवालदार स्ट्राइडनी वहीत ‘हिरवी होडी’ एवढंच लिहिलं आणि दोन कप चहा प्याले. ऑड्रीआत्या म्हणाली, गेली ते बरंच झालं. तिचा नवरा, पर्स त्याचं नाव, गोदीत रंगारी होता. होडीचा विषय निघाला की तो कोंबड्या बघायला परसात जायचा.

“आजोबांकडे कोंबड्या कुठे आहेत?” लेननं विचारलं.

“हेच तर,” बेरिल म्हणाली.

शुक्रवारी ओहोटी होती. फेरीबोटीचे प्रवासी धक्क्यावरून खाली नाणी टाकत आणि पोरं चिखलात सूर मारून ती शोधत. आयांची सक्त मनाई असल्यामुळे सगळीच पोरं तिथे असत. एक नाणं कलंडलेल्या राखाडी होडीखाली गेलं. नॉरी त्यामागून खांद्यापर्यंत आत घुसला आणि तिथूनच कुरकुरला.

“हिच्या बुडाला कुणी ताटली ठोकलीये. हात सोलला माझा.”

लेन पोटावर सरपटत आत गेला. तो बाहेर आला तेव्हा त्याचे फक्त डोळे पांढरे दिसत होते.

“ताटली नाही. आजीच्या किटलीचं झाकण आहे. आजोबांनी भोकावर ठोकलं तेव्हा खिळे मी धरले होते.”

होडी आपल्या जागेपासून चार होड्या पलीकडेच होती. सगळं गाव हिरवी होडी शोधत तिच्यावरून रोज जात होतं.

तिघं तसेच चिखलानं माखलेले आजोबांच्या स्वयंपाकघरात शिरले. आत्या भांडी कागदात गुंडाळत होती. पाय पुसून या, म्हणून ती ओरडली. हवालदार आजोबांबरोबर चहा पीत होते. पर्स उठून परसाकडे निघाला.

“काका, कोंबड्या राहू द्या,” बेरिल म्हणाली. “होडी का रंगवलीत?”

पर्स मटकन बसला. आजोबा बहिणीकडे गेले होते तेव्हा वाढदिवसाची भेट म्हणून त्यानं ती रंगवली होती आणि वाळेपर्यंत दुसऱ्या खुंटाला बांधली होती. पण सांगण्याआधीच पोलीस आले, आणि पोलिसापुढे रंग कुठून आला हे कोण सांगणार?

“म्हणून मला गावातून न्यायला निघालास?” आजोबा म्हणाले. “अरे, कसला माणूस आहेस तू!”

हवालदारांनी घसा खाकरून वही काढली आणि रंगाची चौकशी करावी लागेल, असं बजावलं.

“जरूर करा,” बेरिल म्हणाली. “तुमच्या फाटकापासूनच सुरुवात करू या का?”

हवालदारांनी वही मिटून खिशात घातली. आजोबा किती तरी दिवसांनी हसले.

“एवढ्या मोठ्या माणसांत अक्कल फक्त या तीन चिखल्यांना,” ते म्हणाले. “ऑड्री, माझे कप परत मांड.”

उरलेली सुट्टी पर्स होडी खरवडत होता. हिरवा रंग त्यानं स्वतः विकत आणला, आणि दुकानदार त्याच्याकडे बघतच राहिला म्हणे.

आजोबा शेवटपर्यंत समुद्राजवळच राहिले. आत्या दर रविवारी गरम पाण्याच्या नळाचं कौतुक ऐकवायला यायची. हवालदार निवृत्त झाले आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात फाटक पांढरं केलं. नॉरी नौदलात गेला, जहाजं रंगवून कंटाळला आणि परत येऊन फेरीबोट चालवू लागला. लेन ऑस्ट्रेलियात सुतार झाला. होडी मोडीत निघाली तेव्हा बेरिलनं ते झाकण काढून घेतलं आणि आजीच्या किटलीवर ठेवून पाहिलं. खिळ्यांच्या भोकांतून वाफ येते, पण बसतं अजून घट्ट.