बँकेचं उत्तर येईपर्यंत

घरविक्रीची माझी पाटी काखोटीला मारून तो दारात उभा होता... नखशिखान्त भिजलेला.

"ही तुमचीच ना? कोपऱ्यावरच्या गटारात पोहत होती."

पाटीवर माझा फोटो होता आणि फोटोतल्या गालावर चिखल. तो त्याने आपल्या बाहीने हलकेच पुसला. मला उगाचच माझा गाल चाचपून बघावासा वाटला.

"माझीच. फोटोवरून ओळख पटली नाही वाटतं?"

"पटली ना. पण फोटोतल्या बाई हसतायत."

यावर हसू येणार नाही तर काय! नोव्हेंबरचा रविवार, आमच्या टर्लक गावावर सकाळपासून पाऊस, आणि मी ज्या घराची एजंट होते ते बघायला कुत्रंही फिरकलेलं नव्हतं. घरात छान वास सुटावा म्हणून मी ओव्हनमध्ये बिस्किटं भाजली होती. ती आता मीच संपवत बसले होते. त्या वर्षी आमच्या गावात प्रत्येक गल्लीत विक्रीच्या पाट्या होत्या. माणसं घरं विकत घेत नव्हती, सोडून जात होती.

तो खरं तर पावसापासून आडोसा शोधत आला होता. नाव निनोस खोशाबा. बदाम सोलायची यंत्रं दुरुस्त करायचा. दोन बिस्किटं खाऊन झाल्यावर तो सगळं घर फिरून आला आणि मागच्या अंगणातल्या अंजिराजवळ बराच वेळ थांबला.

"घेतो," तो म्हणाला.

"बिस्किट?"

"घर. आईला अंजीर फार आवडतात. आणि बिस्किटही द्या."

"किंमत तरी विचारा!"

"विचारली की तुम्ही पुन्हा गंभीर व्हाल... राहू दे."

मला गंभीर व्हावंच लागलं. हा शॉर्ट सेल होता. घराची मालकीण डार्लीन प्रूइट टर्की कोंबड्यांच्या मांसाच्या कारखान्यात पाकिटं भरायची. तिथे तिचं काम निम्म्यावर आलं होतं आणि घराची किंमत कर्जाच्या कितीतरी खाली. आता कमी किमतीत विकायला बँकेने होकार दिला, तर उरलेलं कर्ज माफ होऊन डार्लीन ताठ मानेने बाहेर पडणार होती. नाही दिला, तर कोर्टाच्या पायऱ्यांवर लिलाव आणि घर खाली करायला दारात शेरीफ.

"बँकेला उत्तर द्यायला वेळ लागतो हं," मी बजावलं.

"किती?"

"आमच्या धंद्यात हा प्रश्न विचारत नाहीत, मिस्टर खोशाबा."

"मग येऊन जाऊन चौकशी करावी लागणार," तो म्हणाला. पाटी त्याने इतकी जपून भिंतीला टेकवली, की मी बघतच राहिले.

आणि तो खरंच माझ्या ऑफिसात यायला लागला. डिसेंबरच्या दाट धुक्यात गाडीचे दिवे लुकलुकत यायचे आणि मी न बघता ओळखायचे. येताना आईने द्राक्षाच्या पानांत भात भरून केलेले डोल्मे आणायचा. माझ्या आईची गोड पोर्तुगीज पावरोटी मी त्याच्या हातावर ठेवायचे. वरवर चिल्लर गप्पा, आणि टेबलावर स्पीकरवर लावून ठेवलेला बँकेचा फोन. तिथे सदा तेच संगीत... मध्येच एक बाई गोड आवाजात सांगायची, कृपया थांबा.

बँकेची तऱ्हाच अशी, की डोकं आपटून घ्यावं. डार्लीनच्या पगाराच्या पावत्या फॅक्स कराव्यात, तर म्हणे मिळाल्या नाहीत. पुन्हा कराव्यात, तर तोवर त्या जुन्या झालेल्या, नव्या पाठवा. नव्या पाठवाव्यात, तर फाईल बघणारा माणूस बदललेला, आणि ये रे माझ्या मागल्या.

"नाचायला येतं?" एका दुपारी त्याने विचारलं. फोनवर तेच संगीत चाललं होतं.

"यावर? वेड लागलंय का तुम्हाला?"

"इतके दिवस ऐकतोय, पाठ झालंय. चल ना."

चल म्हणाला. 'चला' नाही. मी उठले. फॅक्स मशीन आणि कपाट यांच्यामधल्या हातभर जागेत आम्ही नाचलो, म्हणजे नुसते डुललो. त्याच्या हातांना ग्रीसचा आणि साबणाचा वास होता. माझं कपाळ त्याच्या हनुवटीपाशी होतं. त्याचा श्वास थांबला... माझाही...

"धन्यवाद! मी डेव्हन बोलतोय. फाईल नंबर सांगाल का?"

मी सांगितला. निनोस भिंतीला टेकून तोंड दाबून हसत होता. डेव्हन म्हणाला, पावत्या दिसत नाहीयेत.

आमच्या ऑफिसच्या मालकाने, हॅल लिंडक्विस्टने, हे डुलणं काचेतून पाहिलं होतं. हॅलला आवाज चढवायची सवय नाही, म्हणून मला जास्त धास्ती वाटली.

"लीना, बँक शेवटी शपथेवर लिहून घेते. विकणारा, घेणारा, एजंट, कुणाचंही कुणाशी नातं नाही म्हणून. असलं तर फाईल केराच्या टोपलीत. तुझं लायसन्स जाईल ते वेगळंच."

"काही नाहीये, हॅल."

"नाहीये ना? मग बँकेचं उत्तर येईपर्यंत नसूच दे."

फेब्रुवारीत बदामाच्या बागा पांढऱ्या झाल्या. बागेच्या कडेला गाडी थांबवून मी निनोसला सगळं सांगितलं. वाऱ्याने पाकळ्या काचेवर येऊन पडत होत्या.

"एवढंच ना? मी ऑफर मागे घेतो. घरं काय, पैशाला पासरी पडलीत."

"आणि डार्लीन? गिऱ्हाईक बदललं की बँक पहिल्या पानापासून सुरू करते. लिलावाची तारीख दोनदा पुढे ढकलून घेतलीय मी. गिऱ्हाईकच नसेल तर तिसऱ्यांदा नाही ऐकणार."

तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "मला तू आवडतेस, लीना. फार... सगळ्या बाजूंनी आवडतेस. हे कुणाला फॅक्स करायचंय का?"

"नको," मी म्हटलं. डोळे भरून आले होते. "फॅक्स केलंस तर हरवेल."

मलाही तो हवा होता, आणि ते मी त्याला सांगितलं. एकदाच. मग आम्ही शहाण्यासारखं ठरवलं, की उत्तर येईपर्यंत भेटायचं नाही, कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही. त्याच्या आईला कळलं असतं तर पुढच्या रविवारी अख्ख्या चर्चला कळलं असतं, आणि टर्लक ते केवढं!

आता तो फक्त फोन करायचा. "बँकेचं काही?" एवढंच विचारायचा. मी म्हणायचे, "नाही." मग दोघंही फोन ठेवत नसू. त्या रिकाम्या फोनवर मी जितकं प्रेम केलं, तितकं नंतर कुणावर केलं नाही.

बँक मात्र बँकच. डेव्हन गेला, एक ट्रिश आली. ट्रिशने घराची किंमत नव्याने काढायला माणूस पाठवला. तो चुकून शेजारच्या घराची किंमत काढून गेला. दुरुस्ती होईपर्यंत ट्रिशही गेली. डार्लीन कारखान्यातून सुटली की थेट माझ्याकडे यायची, हातमोज्यांचे वळ हातांवर तसेच. "काही कळलं का, पोरी?" म्हणायची. मी नाही म्हटलं की माझीच समजूत घालायची.

ईस्टरच्या आधी निनोसचा फोन आला, तोही नेमका त्या दिवशी, जेव्हा बँकेने सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून मागितले होते.

"आईने शिकागोहून एका मुलीला बोलावलंय. तिच्या मैत्रिणीची भाची. मी आईला काय सांगू?"

"काही सांगू नकोस. अजून नको."

"अजून म्हणजे कधीपर्यंत?"

"मला काय विचारतोस? बँकेला विचार!"

"लीना... चिडू नकोस. मला कारण नको देऊ, तारीख नको देऊ. तू मला फक्त एकदा 'थांब' म्हण. मी थांबतो."

एक शब्द. पण सकाळपासून माझ्या कानात तोच शब्द ओतला जात होता, गोड आवाजात, संगीतासकट. कितीतरी महिने मी तोच ऐकत होते आणि डार्लीनला तोच ऐकवत होते. त्या शब्दाची मला शिसारी आली होती.

"मी आता कुणाला थांब म्हणणार नाही," मी फाडकन म्हटलं. "तुला जे करायचंय ते कर."

तो बराच वेळ फोनवर होता. मीही होते. पण या वेळी ती शांतता आमची नव्हती.

त्यानंतरही तो "बँकेचं काही?" विचारायला फोन करत राहिला. मात्र मी "नाही" म्हटलं की "बरं" म्हणून लगेच ठेवायचा. मीही जीभ दाताखाली धरून बसले. उत्तर आलं की त्याच्या दारात जाऊन उभी राहीन, असं मनाशी घोकत होते.

उत्तर आलं ऑगस्टमध्ये, बदाम झाडांवरून हलवून पाडायला सुरुवात झाली तेव्हा. सगळ्या गावावर धूळ होती. आधी डार्लीनला फोन केला, ती हमसून हमसून रडली. मग हात पुसले, आरशात बघितलं, जसं काही तो फोनमधून दिसणार होता, आणि त्याला फोन लावला.

"निनोस! हो म्हणाले!"

"...लीना."

त्या एका हाकेवरूनच मला कळलं.

"जूनमध्ये साखरपुडा झाला. तुला सांगणार होतो. रोज सांगणार होतो... घर मी सोडत नाहीये, काळजी करू नकोस. डार्लीनचं अडणार नाही."

"अभिनंदन," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं असतं, तर ते ईस्टरलाच सुचलं असतं.

सह्या करायला डार्लीन, तो आणि मी एकाच टेबलाशी बसलो. नोटरीबाईंनी शपथेचा कागद पुढे केला. आमच्यात कुणाचंही कुणाशी कसलंही नातं नाही. निनोसचं पेन त्या ओळीवर अडलं.

"लीना... हे—"

"कर सही. त्यात खोटं काय आहे?"

त्याने माझ्याकडे बघितलं. तसं, धुक्यातून यायचा तेव्हासारखं. मी नजर चुकवली नाही. माझ्या आयुष्यात ते एकच काम मला नीट जमलं असेल. त्याने सही केली, मी केली, नोटरीबाईंनी शिक्का मारला. किल्ल्या मीच त्याला दिल्या. "तुझ्या आईला सांग, अंजीर पिकलेत," एवढं म्हणाले आणि त्याच्याआधी बाहेर पडले.

उन्हात डार्लीनने मला गाठलं आणि घट्ट मिठी मारली.

"देव तुझं भलं करो, पोरी. तू होतीस म्हणून... नाहीतर माझे पलंग-खुर्च्या रस्त्यावर आले असते." मग डोळे मिचकावून हळूच म्हणाली, "एक सांगू? त्या पोराचं आणि तुझं काहीतरी आहे, असं मला वाटायचं बघ."

"छे हो, डार्लीन," मी म्हटलं. "बँकेला चाललं नसतं."

तिला तो विनोद वाटला. ती पोट धरून हसली. इतक्या महिन्यांत मी तिला पहिल्यांदाच हसताना बघत होते, म्हणून मीही हसले.