नरसूआण्णांचा गाळा

त्या हिवाळ्यात पंचगंगेला मासाच नव्हता. नदीत असेलही, पण गळाला लागायचं नाव घेत नव्हता. दिवाळी झाली, बंधाऱ्याच्या खांबांत बरग्यांच्या फळ्या घातल्या, पाणी तुंबलं आणि थंडीनं जोर धरला की सापासारखी लांबडी वाम कपारीतून बाहेर पडते, आणि गळाची माणसं कामधंदे सोडून बंधाऱ्यावर येऊन बसतात, ही आजवरची रीत. यंदा माणसं आली, वाम आली नाही. गांडूळ लावून झालं, कोळंबी लावून झाली, हळद घातलेली कणीक लावून झाली. पाटलांच्या राजवर्धननं ऑनलाइन मागवलेली भारी रीळसुद्धा नदीला दाखवून झाली. नदीनं तिच्याकडं ढुंकून पाहिलं नाही.

जोतीराम शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत भट्टीवर होता. रात्रपाळी सुटली की गाडी बंधाऱ्याच्या तोंडाशी लावायची, ऊन पडेपर्यंत गळ टाकून बसायचं आणि मग घर गाठायचं, असा त्याचा नेम. इतकी वर्षं ती हौस होती. यंदा तिची गरज झाली होती.

त्याच्या वडिलांना, बाळासो आबांना, नवरात्रात अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला. तेवढं सोसलं असतं, कारण आबा जन्माचे डावखुरे, त्यांचा कामाचा हात शाबूत होता. पण अन्नावरची वासनाच उडाली. जोतीरामची बायको क्रांती पेज करी, खिमट करी, दूध-भाकरी कुस्करून देई. दोन घास झाले की आबा तोंड फिरवत. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर माणूस हातचा जाईल. आणि आबांनी इतक्या दिवसांत तोंडानं मागितलं ते एकच, नदीची वाम. बाजारातली आणून बघितली. पहिल्या घासाला त्यांनी ती ताटात थुंकली.

"ही तळ्यातली हाय जोत्या," ते तोंडातल्या तोंडात म्हणाले. "आपल्या नदीची आण."

आता आपल्या नदीची कुठून आणायची? जोतीराम रोज बसे आणि रोज रिकामी पिशवी हँडलला अडकवून घरी जाई. दारात क्रांती उभी असे. ती पिशवीकडं बघे, आणि ते बघणं त्याच्या जिव्हारी लागे.

बंधाऱ्यावर दोन खांबांच्या मधे जी मोकळी जागा असते, जिथं बरगे बसवतात, तिला गाळा म्हणतात. गळाच्या प्रत्येक माणसाचा आपापला गाळा ठरलेला. तिथं ना सातबारा ना नावाची पाटी, पण दुसऱ्याच्या गाळ्यावर बसायची कुणाची छाती नाही. मासा लागला की शेजारच्या गाळ्यावरचा विचारणार, "कुणाच्या ताटात?" आणि ज्यानं मासा काढला त्यानं खऱ्या नावानं उत्तर द्यायचं, पोरीच्या, आईच्या, पावण्याच्या. ज्याच्या नावाचा मासा, तो त्याच्याच पोटात गेला पाहिजे. आणि गाळ्याचा धनी वारला, तर पावसाळ्याच्या तोंडाला बरगे काढेपर्यंत त्याचा गाळा रिकामा ठेवायचा. तो हंगाम त्याचा. गळाची माणसं देवाला एक वेळ फसवतील, पण हे नियम मोडत नाहीत.

यंदा रिकामा होता नरसूआण्णांचा गाळा. नृसिंह हे त्यांचं कागदावरचं नाव. आबांचा जन्मभराचा जोडीदार, शेजारच्याच गाळ्यावरचा. आबा अबोल, आण्णा बोलके. आबांना तंबाखूच्या वासानं मळमळे, आण्णांच्या गालात गोळी कायम. ऐन दिवाळीत आण्णा गेले. जाताना त्यांनी देवाचं नाव घेतलं नाही. "मला आजून हिवाळा बघायचाय रं... मला एवढ्यात न्हाय जायाचं," असं म्हणत म्हणत त्यांनी जीव सोडला, असं त्यांची बायको विठाबाई सांगे.

पौषातली एक सकाळ. धुकं असं पडलं होतं की जोतीरामला आपल्याच काठीचं टोक दिसेना. बंधाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. एकामागून एक कोरडी सकाळ काढून बाकीचे कंटाळले होते, राजवर्धननं तर रीळ विकायला काढली होती. आबांनी आदल्या दिवशी पाणीसुद्धा नीट घेतलं नव्हतं. जोतीराम आपल्या गाळ्यावर बसला, आणि त्याची नजर पुन्हा पुन्हा पलीकडच्या, आण्णांच्या रिकाम्या गाळ्याकडं जाऊ लागली. तिथं पाणी खोल होतं. वाम असलीच तर तिथंच असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. बघायला कोण आहे? आणि आण्णा असते तर आबांसाठी त्यांनी स्वतःच उठून जागा दिली नसती का? मन असं एकदा वकिली करायला लागलं की त्याला उत्तर नसतं. तो उठला आणि नरसूआण्णांच्या गाळ्यावर जाऊन बसला.

दगड गार असायला हवा होता. तो कोमट होता, नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखा.

त्यानं गांडूळ लावून गळ सोडला. बरग्यांच्या फटीतून पाणी झिरपत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता. लांबवर उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून चालला होता. मग ट्रॅक्टरचा आवाज थांबला. थोड्या वेळानं पाण्याचाही थांबला. पाणी झिरपतंय हे डोळ्यांना दिसत होतं, कानाला काहीच येत नव्हतं. आणि धुक्यात, अगदी जवळ, चुना-तंबाखूचा वास आला.

दोरी ताणली. असा हिसका त्यानं साऱ्या हिवाळ्यात अनुभवला नव्हता. वेळ घेऊन, सैल सोडत, पुन्हा ओढत त्यानं ती वर काढली. मनगटाएवढी जाड, पिवळट ठिपक्यांची वाम दगडावर वळवळू लागली.

"कुणाच्या ताटात...?"

शेजारच्या गाळ्यावरून कुणीतरी हळूच विचारलं. आणि जोतीराम, ज्यानं लहानपणापासून हा प्रश्न शेकडो वेळा ऐकला होता, सवयीनं बोलून गेला, "आमच्या आबाच्या. बाळासोच्या."

"बरं..." आवाज म्हणाला. "लई बरं झालं."

मग त्याच्या ध्यानात आलं. शेजारचा गाळा आबांचा होता. तिथं कोण बसणार? त्यानं मान वळवली. धुकं होतं, दगड होता. पाण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. मासा पिशवीत कोंबून तो गाडीकडं पळाला.

आबांनी वाम खाल्ली. रस्सा भाकरीनं पुसून पुसून खाल्ला. क्रांतीनं पदरानं डोळे टिपले आणि जोतीरामनं सकाळचा आवाज मनातून काढून टाकला. पाळीनं दमलेलं डोकं, धुकं, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच गाळ्यावर बसला आणि पुन्हा वाम मिळाली. आवाज आला नाही. मग तो रोजच बसू लागला. राजवर्धननं एकदा हटकलं.

"दादा, आण्णांचा गाळा हाय त्यो. उठा तितनं."

"आबा जेवाय लागल्यात," जोतीराम म्हणाला. "मी न्हाय उठणार."

राजवर्धन माघारी वळला. आजाऱ्याच्या पोराशी कोण वाद घालणार?

आबा भराभर सुधारले. आधी उठून बसले, मग काठी धरून उभे राहिले. डॉक्टरांनी आणखी दोघा डॉक्टरांना बोलावून दाखवलं. घरात सणासारखं वाटत होतं. एका दुपारी जोतीराम जेवायला बसला आणि समोर आबांच्या हाताकडं बघतच राहिला. ते उजव्या हातानं जेवत होते. गेलेला हात परत आला, याचा आनंद व्हायला हवा होता. पण आबा पंगतीतसुद्धा डाव्या हातानं जेवायचे, लोक हसले तरी त्यांनी हात बदलला नव्हता. जेवण झाल्यावर त्यांनी डाव्या तळहातावर तंबाखू घेतली, उजव्या अंगठ्यानं सराईतपणे मळली आणि गालात सारली.

"आबा... तंबाखू कवापासनं?"

"हिवाळ्यात बरी असती लेका," आबा म्हणाले आणि खो खो हसले.

त्यांनी त्याला कधीच लेका म्हटलं नव्हतं. आबांचा जोत्या होता, रागात असले तरी जोत्याच. त्या रात्री पाळीवर भट्टीसमोर उभं राहूनही त्याच्या अंगातली थंडी जाईना.

दोन-तीन दिवसांनी विठाबाई आली. दारातून आत आली नाही, जोतीरामला तिनं बाहेर बोलावलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"तुझा आबा काल माझ्या दारात आलता," ती कुजबुजली. "एकटाच, काठीबिगर. सरळ आत आला. कोनाड्यातला चुन्याचा डबा न विचारता घेतला. आणि मला म्हणाला... विठे, म्हशीला पाणी दावलंस का." तिनं भिंतीला हात टेकला. "बाळासो भावजी मला वयनी म्हणत्यात रं. विठे म्हणणारा एकच व्हता. त्येला मी जाळून आल्ये."

आपण त्या सकाळी काय केलं, हे जोतीरामला कळून चुकलं होतं. ताटाचं नाव आपणच दिलं, आणि विचारणारा त्या ताटावर येऊन बसला. पण मग आबा? आबा कुठं गेले?

दुसऱ्या दिवशी पाळी अर्ध्यावर टाकून, पहाट फुटायच्या सुमारास तो बंधाऱ्यावर आला. गळ आणला नव्हता. धुकं पाण्यावरून वर चढत होतं. तो बंधाऱ्यावरून पावलं टाकत गेला, आणि नरसूआण्णांच्या गाळ्यावर त्याला कुणीतरी पाठमोरं बसलेलं दिसलं. डोक्याला मफलर, पाय पाण्यात सोडलेले. त्या माणसानं दोरी फेकली. डाव्या हातानं, कोपर अंगाशी धरून. असं फेकणारा साऱ्या नदीकाठाला एकच होता.

"आबा..." जोतीरामच्या तोंडून शब्द फुटला.

माणूस वळला नाही. "जोत्या," तो म्हणाला, "आलास व्हय. मला वाटलं, इसरलास."

"आबा, चला घरला."

"उठाय येत न्हाय रं." आवाज थकलेला होता, लहान पोरासारखा हिरमुसलेला. "किती येळा उठलो. परत हितंच असतोय... पाणी लई गार हाय, जोत्या. मला घरला ने की."

"कसं नेऊ? सांगा... कसं नेऊ?"

"मला ठावं न्हाय."

जोतीराम धावला. खांद्याला धरून उचलीन, पाठीवर घेईन, एवढंच त्याच्या मनात होतं. हात पुढं केला तर हाताला ओला दगड लागला. तो गुडघ्यावर बसला आणि मोठ्या माणसानं रडू नये तसा रडला. आपण बापाला वाचवायला निघालो होतो. मासा नेणं बंद करावं, तर घरात उठून बसलेलं ते शरीर पुन्हा अंथरुणाला खिळणार आणि मरणार. शरीरच गेलं तर आबा परत कशात येणार? आणि मासा नेत राहावं, तर ताटावर जेवणारा रोज थोडा थोडा पक्का होत जाणार. मागं धुक्यातून आबांच्या आवाजात कुणीतरी एकसारखं हुंदके देत होतं. ऊन वर आलं तसा तो आवाज विरला.

तो घरी पोचला तेव्हा अंगणात ऊन पसरलं होतं. आबा भिंतीला पाठ लावून, मांडी घालून जेवत होते. कालची वाम होती. समोर क्रांती वाढत बसली होती, किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

"अवो, ऐकलंसा का," ती म्हणाली. "मामा म्हणत्यात, आता मी ठणठणीत झालो, फुडच्या हिवाळ्याला मी सोता गळ टाकणार."

जोतीराम उंबऱ्यात उभा राहिला. "आज काय घावलं न्हाय," तो कसाबसा म्हणाला.

म्हाताऱ्यानं काटा ओठातून ओढून काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि वर बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, थोडी कीवच होती.

"रडतोय व्हय आजून तितं?" त्यानं हलक्या आवाजात विचारलं. "पयल्यांदा मीबी लई रडलो. मग सवय हुती."

"कोण रडतंय, मामा?" क्रांतीनं विचारलं.

"कोण न्हाय सूनबाई," तो म्हणाला, आणि त्यानं आणखी थोडा रस्सा मागितला.